धाराशिवच्या बायकांचे देणे

ऑक्टोबर १९९९ पासून चार वर्षे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव फिरून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका अभ्यासासाठी नोंद झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा हा अभ्यास. गावांचे चार गट पाडले. एकात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्यात पेशी तपासणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनंतरचा हिशेब असा: चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ बायका गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. तीही चाचणी एकदाच केलेली. बाकी दोन पद्धतींच्या एका फेरीने मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत.

२००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्याकडे मात्र केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भर राहिला तो ॲसिड लावून पाहण्यावरच. आणि तेही कितीजणींच्या वाट्याला आले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची कधीतरी तपासणी झालेली होती. ज्यांच्या नमुन्यांवर जगाने आपली पद्धत बदलली, त्या बायकांच्या जिल्ह्यात ती चाचणी अजून सरकारी दवाखान्यातली रोजची गोष्ट होऊ नये, हे फार लागते.

ॲसिडची तपासणी टाकाऊ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दुसरे काही हाताशी नसेल तिथे ती व्हायलाच हवी. पण तिला तयार नजर लागते, पुन:पुन्हा जावे लागते, आणि पाळी गेलेल्या बाईत तपासायचा भाग आत सरकल्याने ती फारशी कामाची राहत नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वत:च घेऊ शकते. तपासणीच्या टेबलावर झोपायच्या संकोचाने दवाखाना टाळणाऱ्या कितीतरी जणींचा अडसर एवढ्यानेच दूर होईल.

मात्र चाचणीबरोबर समजावून सांगणारे माणूस हवे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वत:च निपटते. जो टिकून राहतो, त्यातून पेशी बदलत बदलत कर्करोगापर्यंत जायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणून पॉझिटिव्ह आल्यास दुर्बिणीने गर्भाशयमुख पाहायचे, संशय आला तर तुकडा तपासायचा. बदल सौम्य असेल तर लक्ष ठेवायचे, पुढचा असेल तर तेवढाच भाग उष्णतेने जाळायचा किंवा तारेने कापून काढायचा. त्यासाठी सहसा गर्भाशयाची पिशवी काढावी लागत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या बऱ्याचदा गरज नसताना कशा निघाल्या हे पाहिलेल्या महाराष्ट्रात हे वाक्य प्रत्येक अहवालासोबत मोठ्याने सांगितले पाहिजे. तितक्याच स्पष्टपणे नवऱ्यालाही सांगावे की लैंगिक संबंधातून पसरणारा हा विषाणू कित्येक वर्षे गुपचूप राहू शकतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे अहवालावरून कळत नाही. त्यावरून बायकोच्या चारित्र्याचा पंचनामा करायचा नाही.

यंत्रांची सबब पुढे करायला जागा उरलेली नाही. क्षयरोगासाठी सरकारी केंद्रांत वापरले जाणारे ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या कंपनीचे आहे आणि एचपीव्हीची चाचणीही त्यावर, फक्त चिप बदलून, होते. १९९९ पासून ज्यांनी नमुने दिले, त्यांच्या लेकी आता तिशी-चाळिशीत आहेत. पहिल्या चिप धाराशिवला पाठवा.