विश्लेषण : एसीची जाळी धुतली, म्हणजे हवा शुद्ध झाली का?

दिवाळी संपली की हवा बिघडते आणि एअर प्युरिफायरच्या जाहिराती सुरू होतात. आता ‘पीएम २.५ फिल्टर’ असे ठसठशीत लिहिलेले एसीही दुकानांत दिसतात. एसीची जाळी, तिच्यावर चिकटवलेली पट्टी आणि प्युरिफायरमधला हेपा फिल्टर या तिन्हींना बोलताना ‘फिल्टर’च म्हटले जाते, पण तिघांची कामे वेगळी आहेत. हा फरक लक्षात न घेता केलेल्या खरेदीत पैसे जातात आणि धूळ मात्र श्वासात तशीच राहते.

चर्चा आत्ताच का?

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीची हवा अत्यंत खालावलेली असताना दिल्ली उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आली. एअर प्युरिफायर हे वैद्यकीय उपकरण मानावे आणि त्यावरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणावा, ही तिची मागणी. न्यायालयाने जीएसटी परिषदेला यावर विचार करण्यास सांगितले, केंद्राने मात्र विरोधाची भूमिका घेतली. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होताच. म्हणजे आज एसी आणि प्युरिफायर एकाच करटप्प्यात आहेत.

करकपात झाली तर ग्राहकाचे किती वाचतील? करापूर्वी १० हजार रुपये किंमत असलेल्या यंत्रावर १३०० रुपये. रक्कम लहान नाही, पण अनेक प्युरिफायरचा एक बदली फिल्टरही तेवढ्यात येत नाही. प्युरिफायर ही एकदाच करायची खरेदी नाही, ते दरवर्षीचे बिल आहे. कराच्या वादात ही गोष्ट मागे पडली.

एसीची जाळी नेमके काय अडवते?

स्प्लिट एसीचे पुढचे झाकण उघडले की दिसते ती प्लास्टिकची बारीक जाळी. ती केस, कापसाचे तंतू, डोळ्यांना दिसणारी धूळ अडवते. तिच्या मागे थंड होणारी कॉइल असते. कॉइलवर धूळ बसली की हवा नीट थंड होत नाही, ओलाव्यात बुरशी वाढते आणि कुबट वास येतो. जाळी आहे ती हे टाळण्यासाठी. थोडक्यात, ती यंत्राची काळजी घेते, फुप्फुसांची नव्हे.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. केस अडवणाऱ्या जाळीच्या छिद्रांतून असे कण अगदी सहज निघून जातात. शिवाय स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो.

म्हणून जाळी धुण्याचा फायदा नाही असे नाही. तुंबलेला फिल्टर बदलून स्वच्छ फिल्टर लावल्यास एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे मार्गदर्शन सांगते. आपल्याकडे वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी जाळी काढावी, साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवावी आणि सावलीत पूर्ण सुकवूनच परत बसवावी. गरम पाण्याने किंवा उन्हात ठेवल्याने ती वाकडी होते. या कामासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज नाही. वार्षिक सर्व्हिसिंगच्या नावाखाली नुसती जाळी धुऊन दिली जात असेल, तर पैसे कशाचे दिले हे जरूर विचारावे.

‘पीएम २.५ फिल्टर’ असलेल्या एसीचे काय?

बहुतेक ठिकाणी हा फिल्टर म्हणजे मुख्य जाळीवर बसवलेली एक लहान चौकट किंवा पट्टी असते. तिच्यात विद्युतभारित तंतू असतात आणि ते बारीक कण पकडतात, हे खरे. पण हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. जाळीचा मोठा भाग मोकळा आणि पट्टी एका कोपऱ्यात, तर बहुतांश हवा पट्टीला वळसा घालून जाते. त्यामुळे एसी विकत घेताना विचारायचा प्रश्न ‘पीएम २.५ फिल्टर आहे का’ हा नाही, तर ‘या एसीचा सीएडीआर किती’ हा आहे. सीएडीआर म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा. विक्रेत्याकडे तो नसेल तर पट्टीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. एसीवरचे ताऱ्यांचे लेबलही इथे उपयोगी पडत नाही. ते फक्त विजेचा हिशेब सांगते.

याच्या उलट, काहीजण ऑनलाइन मिळणारे हेपाचे कापड कापून थेट एसीच्या जाळीवर लावतात. हे तर टाळावेच. स्प्लिट एसीचा पंखा इतक्या दाट कापडातून हवा ओढण्यासाठी बनवलेला नसतो. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो, पाणी गळते आणि शेवटी ताण कॉम्प्रेसरवर येतो.

अमेरिकेतला सल्ला इथे का लागू पडत नाही?

इंटरनेटवर शोधले तर ‘दर ९० दिवसांनी फिल्टर बदला’, ‘मर्व्ह १३ घ्या’ असे सल्ले दिसतात. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारा भाऊ-पुतण्याही हेच सांगतो. त्याच्या घरासाठी ते बरोबर आहे. तिथे थंडीतली ऊब आणि उन्हाळ्यातला गारवा एकाच यंत्रणेतून, घरभर फिरणाऱ्या डक्टमधून येतो. परतीच्या हवेच्या वाटेवर पुठ्ठ्याच्या चौकटीतला एक इंच जाडीचा फिल्टर असतो आणि तो धुवायचा नसतो, टाकूनच द्यायचा असतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा लावून चालत नाही.

मर्व्ह ही त्या फिल्टरची प्रतवारी. मर्व्ह ८ हा ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण अडवतो, पण ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांबाबत त्याच्याकडून काहीही अपेक्षित नाही. मर्व्ह १३ ने हे अतिसूक्ष्म कणही किमान ५० टक्के अडवावे लागतात. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा अशा फिल्टरचे महत्त्व तिथल्या घराघरांत कळले. आपल्या स्प्लिट एसीत असा फिल्टर बसवायला जागाच नाही. इथे हे काम वेगळ्या यंत्राला, म्हणजे प्युरिफायरलाच करावे लागते.

प्युरिफायर घेताना काय पाहावे?

प्युरिफायरमध्ये मुळात दोनच गोष्टी असतात, पंखा आणि फिल्टर. करोनाकाळात २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघा अमेरिकनांनी चौकोनी पंख्याला मर्व्ह १३ चे चार फिल्टर टेपने चिकटवून एक खोके बनवले. ते चांगले चालले आणि शाळांमधूनही वापरले गेले. वायफाय, रंगीत दिवे, मोबाइल ॲप ही वरची सजावट आहे.

पाहायचे ते सीएडीआर आणि फिल्टरची प्रत. अमेरिकी उत्पादक संघटनेचा सोपा नियम असा : खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश इतका सीएडीआर घनफूट प्रतिमिनिटात हवा. म्हणजे १५० चौरस फुटांच्या बेडरूमला १०० घनफूट प्रतिमिनिट, आपल्या नेहमीच्या मापात साधारण १७० घनमीटर प्रतितास. धूर दाट असेल तर यंत्र याच्या दीडपट क्षमतेचे असावे. खोक्यावर ‘५०० चौरस फुटांसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा तासाला खोलीतली हवा किती वेळा फिरेल हे सोयीस्कर गृहीत धरलेले असू शकते. जाहिरातीतला सीएडीआर पंख्याच्या सर्वांत वेगवान पायरीवरचा असतो, हेही ध्यानात घ्यावे. त्या आवाजात झोप लागत नाही. रात्री यंत्र हळू चालवायचे असेल तर एक पायरी मोठेच घ्यावे.

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडणारा फिल्टर, ही अमेरिकी व्याख्या. युरोपीय प्रतवारीत एच १३ ला ९९.९५ टक्के लागतात. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ या शब्दांना कोणतेही माप नाही. आणखी एक साधी गोष्ट : नवा फिल्टर पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून यंत्रातच ठेवलेला असतो. पिशवी न काढता महिनोन् महिने प्युरिफायर चालवणारी घरे दुर्मीळ नाहीत.

फिल्टर बदलायचा कधी?

पाकिटावर महिने किंवा तास छापलेले असतात. पण फिल्टरचे आयुष्य त्याने किती धूळ खाल्ली यावर ठरते, दिनदर्शिकेवर नव्हे. चीनच्या प्युरिफायर मानकात यासाठी ‘सीसीएम’ नावाचे माप आहे. सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर एकूण किती मिलिग्रॅम कण पकडतो, ते यात मोजतात. सूक्ष्म कणांसाठीच्या सर्वांत वरच्या ‘पी ४’ श्रेणीला किमान १२ हजार मिलिग्रॅम लागतात. भारतात विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांच्या माहितीपत्रकातही हा आकडा सापडतो.

त्यावरून हिशेब करून पाहू. यंत्राचा सीएडीआर २०० घनमीटर, वापर रोज १० तास. खोलीतल्या हवेत घनमीटरला सरासरी ४० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर फिल्टर तासाला ८ आणि दिवसाला ८० मिलिग्रॅम कण पकडेल. १२ हजारांचा टप्पा १५० दिवसांत येतो. हीच सरासरी १०० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टर ६० दिवसांत अर्धा थकतो. हा ढोबळ हिशेब आहे, पण दिल्लीतला फिल्टर एका हिवाळ्यात का संपतो आणि कोकणातल्या गावात तोच वर्षभर का पुरतो, हे त्यातून कळते.

यंत्रावरचा ‘फिल्टर बदला’ दिवा अनेकदा फक्त चाललेले तास मोजतो. त्यापेक्षा फिल्टर करडा-काळा झाला का, पूर्ण वेगावरही हवा कमी लागते का, हे पाहावे. पुढची धुण्याजोगी जाळी दर आठवड्या-पंधरवड्याला साफ केली तर हेपा जास्त टिकतो. कंपनीने तसे लिहिले नसेल तर हेपा कधीही धुऊ नये. तो धुतल्यावर पांढरा दिसतो, पण तंतूंची रचना बिघडलेली असते. यंत्र घेण्याआधी त्याच्या मूळ फिल्टरची किंमत पाहावी आणि तो दोन वर्षांनीही बाजारात मिळेल का, याची चौकशी करावी. स्वस्त यंत्र आणि महाग फिल्टर ही प्रिंटर-शाईची जुनी युक्ती इथेही चालते.

फिल्टरने काय थांबत नाही?

वायू. नायट्रोजन डायऑक्साइड, रंगाचा वास, गॅस शेगडीचा धूर यांतला वायुरूप भाग हेपातून आरपार जातो. त्यासाठी कोळशाचा थर लागतो आणि स्वस्त यंत्रांत तो नावापुरता असतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने वाढणारा कार्बन डायऑक्साइड तर कोणताच घरगुती फिल्टर काढत नाही. दोघेजण रात्रभर दारे-खिडक्या लावून झोपले, तर बाहेर ४२० पीपीएमच्या आसपास असलेले त्याचे प्रमाण आत सहज हजारच्या पुढे जाते. म्हणून दुपारी किंवा हवा त्यातल्या त्यात बरी असेल त्या वेळी खिडकी थोडा वेळ उघडावीच लागते. अगरबत्ती, मच्छर कॉइल घरात जळत असेल तर प्युरिफायर आधी त्याच्याशीच झुंजत राहतो. ओझोन सोडणारी ‘आयन’ यंत्रे टाळलेली बरी, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रास देतो. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांवर ०.०५ पीपीएमची मर्यादा आहे.

मग मुंबई-पुण्यात गरज आहे का?

सरसकट नाही. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. मुंबईत पावसाळ्यात आणि समुद्री वारे जोरात असताना हवा बरी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारे मंदावले की कण खालीच साचतात. घरात दमा असलेले मूल, सीओपीडीचे रुग्ण किंवा हृदयविकार असलेले आजी-आजोबा असतील, तर त्या चार महिन्यांसाठी त्यांच्या झोपण्याच्या खोलीत एक यंत्र ठेवणे समजण्यासारखे आहे. घरभर तीन यंत्रे ठेवण्याची गरज सहसा पडत नाही.

शेजारी पुनर्विकासाचे काम चालू असेल तर गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतींना ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे हे सारे त्यात आहे. समोरच्या जागेवर हे दिसत नसेल तर फोटोसह वॉर्ड ऑफिसात तक्रार करावी. घरातला फिल्टर महिन्याभरात काळा पडण्याचे कारण अनेकदा तिथेच असते. बांधकामाची धूळ बरीचशी जाड कणांची असते, एसीची जाळी ती अडवते आणि म्हणून लवकर तुंबते. अशा इमारतींत ती दर आठवड्याला धुवावी. प्युरिफायरचा जुना फिल्टर काढताना मास्क लावावा, तो झटकू नये, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा.