शमीवरची शस्त्रे

आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. या दिवशी सुताराचा रंधा विश्रांती घेतो, शेतकऱ्याचा नांगर धुतला जातो, एस. टी.च्या आगारातील गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात आणि ज्यांच्या घरात पूर्वजांची एखादी तलवार वा कट्यार उरली आहे, ते ती पेटीतून काढून पाटावर मांडतात. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन, आपट्याची पाने आणि शमीचे पूजन. शमीपूजनामागची कथा आपल्या घराघरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या कथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही, आणि आज आम्हांला नेमक्या त्याच तपशिलाचे स्मरण करून द्यावयाचे आहे.

अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर नुसती ठेवून दिली नाहीत. विराटपर्व असे सांगते की नकुल स्वतः झाडावर चढला, जेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा फांद्या त्याने हेरल्या आणि धनुष्ये दोरांनी घट्ट बांधली; कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही टांगले. वर्षभराने उत्तराने ती गाठोडी सोडली तेव्हा शस्त्रे जशीच्या तशी तेजस्वी निघाली. जागा पारखणे, पाण्यापासून बचाव करणे, बांधणी पक्की ठेवणे आणि राखण करणे या चार गोष्टी नकुलाने केल्या. युद्धसामग्री जतन करणाऱ्या आजच्या जाणकारांना विचारले, तर तेही याहून फार वेगळे काही सांगणार नाहीत. शस्त्राची पूजा एका दिवसाची असते, त्याची राखण मात्र बारा महिन्यांची असते.

हा विचार मनात येण्यास निमित्त आहे ते नगरचे. ज्या शहराला २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव मिळाले, त्या शहराजवळ लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या काळची रोल्सरॉइस चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन, १९७१ मध्ये जिंकून आणलेले शॅफी, नदीनाले ओलांडणारा पीटी-७६ आणि आवडीच्या कारखान्यात बांधलेला आपला विजयंता, अशी ही लोखंडी मंडळी तेथे ओळीने उभी आहेत. लहान मुले त्यांच्याकडे खेळण्यांकडे पाहावे तशा कौतुकाने पाहतात. त्यांत गैर काही नाही. पण बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी दोन वाक्ये अधिक सांगावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

ती दोन वाक्ये कोणती असावीत? नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा तो रणगाडा. १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात जन्मलेला हा तरुण पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ आघाडीवर, बसंतर नदीच्या परिसरात, शत्रूच्या रणगाड्यांच्या लाटेसमोर उभा राहिला. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या होत होत्या. पश्चिमेला मात्र लढाई चालूच होती. फामागुस्ताला आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश वरिष्ठांकडून आला. तोफ अजून चालते आहे, तेव्हा आपण जागा सोडणार नाही, असा त्याचा आग्रह होता. वयाची एकविशी ओलांडून त्याला अवघे दोन महिने झाले होते. पुढे परमवीरचक्र जाहीर झाले, ते मरणोत्तर. रणगाडा शत्रूच्या हाती पडला होता. तो नंतर भारताला परत मिळाला.

आता या यंत्राला काय म्हणावे? भंगाराच्या दुकानात त्याचे वजन करता येईल, दरही ठरविता येईल. परंतु आपल्या घरातील आजोबांच्या पादुकांचे लाकूड किती शेर भरते, असा प्रश्न आपण कधी विचारतो काय?

हा प्रश्न नवा नाही, आणि गंमत अशी की याचे एक जुने उत्तरही नगरशीच निगडित आहे. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून ती विजापूरला गेली. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात निरुपयोगी सामानाच्या लिलावात ती निघाली, आणि बोली आली ती अवघ्या दीडशे रुपयांची! परंतु ही किंमत फारच हलकी आहे आणि लोकांची या तोफेवर श्रद्धा आहे, असे स्थानिक अधिकाऱ्याने वर कळविले व ती विक्री रद्द झाली. परकी राजवट, दूरचा कारभार, आणि तरीही लोकांनी वाहिलेल्या चार फुलांनी ती तोफ वाचविली. आज तीच तोफ पाहण्यासाठी लोक विजापूरला जातात.

स्वराज्यात मात्र आपण एवढे भाग्यवान ठरलो नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढविले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी राहिली. शाळांच्या सहली तिच्या तक्तपोशीवर धावल्या. पण खारे पाणी आणि खारा वारा कोणाची भीड ठेवीत नाहीत. तळ झिजत गेला, डागडुजीचा खर्च फुगत गेला, धोका नको म्हणून २०१२ मध्ये दारे बंद झाली आणि अखेर सुमारे ६० कोटी रुपयांच्या बोलीवर नौका भंगारात गेली. तिला वाचविण्यासाठी काही नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तोही मार्ग संपला. दारूखान्यात तिचे तुकडे झाले, त्यांतील थोड्या धातूपासून मोटारसायकली निघाल्या, आणि २०१६ मध्ये मुंबईत एक छोटे स्मारक उभे राहिले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी विक्रांत दाखल झाली. नाव टिकले, याचा आनंद आहेच. पण ज्या तक्तपोशीवरून ती विमाने उडाली, ती आता कोणत्याही आजोबांना नातवाला दाखविता येणार नाही.

येथे कोणा एकाला दोष देऊन भागणार नाही. बोटीचे जतन हे मूर्ती झाकून ठेवण्याएवढे सोपे नसते. तिला वरचेवर गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पत्रे बदलावे लागतात, आणि यासाठी लागणारा पैसा एका वर्षापुरता नव्हे तर कायमचा बाजूला काढून ठेवावा लागतो. विशाखापट्टणच्या लोकांनी वेगळी वाट धरली. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त होताच ती समुद्रातून ओढून किनाऱ्यावर वाळूत पक्क्या पायावर बसविली आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. पाण्यातून बाहेर काढल्याने निम्मा रोग गेला. पाणबुडी लहान आणि विक्रांत अजस्र, हा भेद आम्ही विसरत नाही. तथापि निर्णय वेळेवर घेतल्याचा लाभ नाकारता येणार नाही.

रणगाड्यांचे दुखणे निराळे आहे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या उसाच्या शेतांत फसलेले पॅटन पुढे विजयचिन्हे म्हणून गावोगावच्या छावण्यांत आणि चौकांत उभे राहिले. साठ वर्षे ते ऊनपाऊस सोसत आहेत. बाहेरून रणगाडा अभेद्य दिसतो. त्याचा खरा शत्रू आत असतो. वरच्या झडपांतून पावसाचे पाणी पोटात उतरते, तळाची निचऱ्याची भोके कचऱ्याने बुजतात आणि महिनोन्महिने साचलेल्या पाण्यात लोखंड आतून कुजते. चाकांवरचे रबर उन्हाने तडकते. मग एखादा समारंभ आला की घाईने वरून तैलरंगाचा हात फिरविला जातो. या रंगाने गंज थांबत नाही, तो केवळ झाकला जातो. शिवाय जुन्या पलटणीची खूण, क्रमांक, हवालदाराने खडूने लिहिलेली एखादी ओळ, हे सारे त्याखाली कायमचे गडप होते. गोळा लागून पडलेले भोक तर मुळीच बुजवू नये. त्या रणगाड्याचा जबाब त्या भोकातच नोंदलेला असतो.

जुनी वाहने पुन्हा चालती करावीत की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. इंग्लंडातील बोव्हिंग्टन येथे १९४३ मध्ये ट्युनिसियात पकडलेला जर्मन ‘टायगर’ दुरुस्त करून वर्षातून मोजक्या वेळी चालवितात. त्याच्या गुरगुरण्याने जे कळते ते दहा पाट्यांनी कळत नाही. उलट, प्रत्येक फेरीत एखादा अस्सल भाग झिजतो आणि त्याच्या जागी नवा येतो. महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या विलिज जीप आजही हौसेने दुरुस्त करून चालविणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो. आमच्या मते, ज्या जातीची अनेक वाहने उरली आहेत, त्यांतील एखादे खुशाल चालवावे. फामागुस्तासारख्या एकमेव वस्तूला मात्र हात लावताना दहा वेळा विचार करावा.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की रणगाडे आणि नौका या सरकारच्या गोष्टी, आपण काय करणार? पण साताऱ्याच्या, कोकणाच्या, मराठवाड्याच्या कितीतरी घरांत माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक असते. तीत पणजोबांची पदके, पट्टा, पोस्टाचा शिक्का असलेली पत्रे, पाण्याची बाटली असे काहीबाही असते. आज पूजेसाठी ती उघडाल तेव्हा एवढे करावे. पदके चिंचेने वा राखेने घासू नयेत. घासण्याने अक्षरे जातात, आणि पदकाच्या कडेवर कोरलेले शिपायाचे नाव हीच त्याची ओळख असते. लोखंडी वस्तूवर नारळाचे पाणी शिंपडू नये, हळदकुंकू ओले लावू नये. कोरडी अक्षता आणि फूल वाहावे व संध्याकाळी ते उचलून, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, स्वच्छ सुती कापडात ठेवावीत. आणि घरात कोणी ऐंशीच्या घरातले असेल तर त्यांना जवळ बसवून, ही वस्तू कोणाची, कोणत्या पलटणीतली, कोठून आली, हे एका कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि तो कागद ट्रंकेच्या झाकणाला आतून बांधून ठेवावा.