सांधा दिसलाच पाहिजे

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील 'क्लाउड गेट' या शिल्पाची स्तुती बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबते: 'सांधाविरहित'. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या या शिल्पाचे कवच स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे वेल्डिंगने जोडून बनले आहे. २००४ मध्ये उद्यान खुले झाले तेव्हा सांधे स्पष्ट दिसत होते. ते घासून, पॉलिश करून नाहीसे केल्यावरच, २००६ मध्ये, शिल्पाचे विधिवत लोकार्पण झाले. म्हणजे पूर्णत्व हे खुणा पुसण्याचे दुसरे नाव ठरले.

माझा आक्षेप या सौंदर्यदृष्टीलाच आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे पृष्ठभागावर धरणाऱ्या अदृश्य ऑक्साइडच्या थरामुळे. वेल्डिंगची उष्णता नेमका तोच थर बिघडवते. म्हणूनच सांधा ही धातूची नाजूक आणि कारागिराच्या कसोटीची जागा. ती दिसेनाशी झाली की सारे श्रेय एका नावापाशी जमा होते.

त्याच उद्यानातील, वाहनतळाच्या छपरावर फुललेली लुरी गार्डन पाहा. पीट आउडॉल्फ यांनी योजलेल्या तिच्या वनस्पतींचे वाळलेले देठ हिवाळाभर तसेच उभे ठेवतात. काळाची खूण तेथे रचनेचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, कलेने श्रम लपवायचेच असतात. मान्य, पण समीक्षेने नव्हे. 'एकसंध', 'ओघवती' ही विशेषणे आपणही सहज उधळतो आणि वाचनाचे काम तेथेच सोडून देतो. सांधा कोठे आहे आणि तो कोणी जोडला, हे विचारणे म्हणजेच वाचणे.