टू मधल्या डब्ल्यूचं काय करायचं?

मुलांकडून इंग्रजी स्पेलिंगं घोकून घेणाऱ्या आईबाबांना, आजीआजोबांना आणि प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. 'टी डब्ल्यू ओ टू, टू म्हणजे दोन' हा घोष बंद करा असं मी म्हणत नाही. पाठांतर लागतंच. पण पाठांतराला बसण्याआधी पाच मिनिटं द्या आणि ज्या छोट्या शब्दांत तीच तीच अक्षरं दिसतात, ते शब्द मुलापुढे एकत्र मांडा. इंग्रजीत असे शब्द बहुतेक वेळा एकाच घरातले निघतात. एकाची ओळख पटली की बाकीच्यांची पटायला वेळ लागत नाही, आणि स्पेलिंग अर्थासकट डोक्यात राहतं.

टूचंच घ्या. कुठल्याही चौकस मुलाला प्रश्न पडतो, उच्चार 'टू' आहे तर मधे डब्ल्यू कशाला? आपण सांगतो, इंग्रजी असंच असतं, पाठ कर. या उत्तराने फार नुकसान होतं. या भाषेला काही ताळतंत्र नाही, इथे डोकं चालवून उपयोग नाही, असं मूल त्या दिवशी ठरवून टाकतं आणि पुढची दहा वर्षं इंग्रजीला भीत राहतं.

त्याऐवजी टूच्या शेजारी त्याची भावंडं बसवा. ट्विन म्हणजे जुळं. ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्वेल्व्ह म्हणजे दहा होऊन वर उरलेले दोन. ट्वेंटी म्हणजे दोन दहा. बिट्वीन म्हणजे दोघांच्या मधे. ट्विग म्हणजे बारीक डहाळी, जिथे फांदीला बेचकं फुटतं तिथली. ट्वाइन म्हणजे पदर एकमेकांत पिळून केलेली सुतळी, आणि ट्विस्ट म्हणजे पीळ. ट्विल नावाचं कापडसुद्धा यातलंच, कारण त्या नावाचा मूळ अर्थ दोन धाग्यांचं असा आहे. या सगळ्यांत टी-डब्ल्यू आहे आणि सगळ्यांत 'दोन' आहे. बाकीचे शब्द डब्ल्यू उच्चारतात, एकट्या टूने तो गिळला. हे कळल्यावर टूचं स्पेलिंग चुकवणारं मूल विरळाच.

आता याच्यापुढचं पाऊल मराठी घरात टाकता येतं. संस्कृतात दोनला द्वि म्हणतात. द्वि आणि ट्वि शेजारी शेजारी म्हणून बघा. आपल्याकडे जिथे द, तिथे इंग्रजीत ट असं पुन्हा पुन्हा आढळतं: दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. हा योगायोग नव्हे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं खोल आहे की या भाषा एकाच मुळातून फुटल्या असल्या पाहिजेत. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी अशा अक्षरबदलांचे नियम मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी थोरले ते हेच. पाचवीतल्या मुलाला नियमाचं नाव सांगायची गरज नाही. द आणि ट ची जोडी दाखवली की पुरे.

सगळ्यांत मोलाचं घर मात्र डब्ल्यू-एचचं. व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, व्हिच, हू. हे सगळे प्रश्न विचारणारे शब्द. आता मराठीत हेच प्रश्न विचारा: काय, केव्हा, कुठे, का, कोणता, कोण. आपले सगळे प्रश्न क ने सुरू होतात, त्यांचे डब्ल्यू-एचने. जुन्या इंग्रजीत ही अक्षरं उलटी, म्हणजे एच-डब्ल्यू अशी लिहीत, आणि त्याही मागे गेलं तर तो उच्चार 'क्व'सारखा होता. म्हणजे त्यांचा व्ह आणि आपला क मुळात एकच. हाउ म्हणजे कसा, हाही याच कुळातला आहे, फक्त त्याचा सुरुवातीचा डब्ल्यू फार पूर्वी गळाला.

आता उत्तरं बघा. आपण म्हणतो केव्हा? तेव्हा. कुठे? तिथे. ते म्हणतात व्हेन? देन. व्हेअर? देअर. आपल्या उत्तरांना त, त्यांच्या उत्तरांना टी-एच. तो, ती, ते, तसा, तितका हे आपले. दॅट, दे, देम, दस हे त्यांचे. मराठी मूल हे कोष्टक एका संध्याकाळी स्वतःच्या हाताने मांडू शकतं आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या तोंडात आधीपासून आहे.

या कोष्टकात एक रकाना मात्र रिकामा राहतो, आणि आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. मराठीत केव्हा आणि तेव्हा यांच्या जोडीला जेव्हा आहे. जिथे, जसा, जो, ज्याचा असे ज चे शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. इंग्रजीत ते नाहीत. तिथे जेव्हालाही व्हेन आणि जिथेलाही व्हेअर. म्हणून मुलाला वाक्यात व्हेन दिसला की ते प्रश्न समजून बसतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह नसलं की गोंधळतं. एकदा स्पष्ट सांगा: इंग्रजी माणूस ज आणि क या दोन्हींचं काम एकाच शब्दावर भागवतो, प्रश्न आहे की जोडणी आहे ते वाक्यावरून ओळखायचं. एवढं समजलं तर सातवी-आठवीतल्या व्याकरणाचा एक मोठा धोंडा बाजूला होतो. मराठीचा आधार न घेता इंग्रजी शिकवायला बसलं की हे सांगायचंच राहून जातं.

मग येतात मुकी अक्षरं. के-एनने सुरू होणारे शब्द मुलांना फार छळतात: नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणे, नॉट म्हणजे गाठ, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, निट म्हणजे विणणे. के लिहायचा आणि म्हणायचा नाही, हा काय न्याय? न्याय असा की एके काळी हा के खणखणीत उच्चारत असत. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली छापखाना घातला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंगं हळूहळू स्थिरावली, उच्चार मात्र बदलत राहिले आणि के गळून पडला. कागदावर तो राहिला तो राहिलाच.

आणि मराठी माणसाने याला हसू नये. आपण ज्ञान असं लिहितो आणि द्न्यान असं म्हणतो. ज्ञ मधला ज आपल्या तोंडून कधीच गेला आहे. गंमत अशी की नो मधला के आणि ज्ञान मधला ज हे एकाच मूळ धातूचे आहेत. जाणणे या अर्थाचा संस्कृत ज्ञा आणि इंग्रजी नो ही सख्खी भावंडं. गुडघ्याचंही तसंच. संस्कृतात गुडघा म्हणजे जानु. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो आजानुबाहू. तो जानु आणि हा के वाला नी एकच. निट हा शब्द नॉटवरून आला, कारण विणणं म्हणजे गाठी मारणं, हेही जाता जाता सांगून टाका.

जी-एचचं एकच उदाहरण देतो. नाइट म्हणजे रात्र, यातल्या जी-एचचा पूर्वी घशातून ख सारखा उच्चार होत असे. श्रावणात ज्या घरी सोमवारचं नक्त करतात, म्हणजे दिवसभर उपास आणि रात्री जेवण, त्या घरातल्या मुलाला सांगा की संस्कृत नक्त म्हणजे रात्र, आणि नाइट त्याच्याच घरचा. एट आणि अष्ट यांचंही नातं असंच.

इथवर रक्ताच्या नात्याचे शब्द झाले. दुसराही एक प्रकार आहे, ज्यात नातं नसलं तरी आवाजाने अर्थ एकत्र आणलेला असतो. एस-एनचे शब्द बघा: स्निफ म्हणजे हुंगणे, स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर म्हणजे घोरणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नाउट म्हणजे जनावराचं नाकाड, स्नफ म्हणजे तपकीर. सगळं नाकाशी. आणि जी-एलचे शब्द: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लास, ग्लॉस, ग्लेझ. सगळं चमकणारं. अनंताचं चिन्ह गणितात आणणारे जॉन वॉलिस यांनी १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात अशा अक्षरजोड्यांची यादी दिली आहे. विसाव्या शतकात या प्रकाराला शास्त्रीय नाव दिलं जे. आर. फर्थ यांनी, १९३० मध्ये. हे फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

मुलाला फर्थ सांगू नका, झ सांगा. झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झिलई. त्यांना चमकायला ग्ल लागतो, आपल्याला झ. घरात मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश असेल, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतं, तर त्यात झ ची पानं मुलाबरोबर चाळा. त्या पानांवर आवाजातून अर्थ सांगणारे असे आणखी पुष्कळ शब्द सापडतील.

जी-एलमधले काही शब्द सख्खेही आहेत. ग्लो, गोल्ड आणि पिवळ्या रंगाचा येलो हे एकाच मुळाचे, आणि त्याच मुळातून संस्कृतात हिरण्य आणि हरिद्रा आले असं भाषाशास्त्र मानतं. हरिद्रा म्हणजे आपली हळद.

एक इशारा मात्र मनापासून द्यायचा आहे. नाती जुळवण्याचा नाद लागला की माणूस वाहवत जातो. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, अशा गोष्टी फोनवरून फिरत असतात. त्या मुलांना सांगू नका. दिसायला सारखे शब्द नात्याचे असतातच असं नाही. इंग्रजी बॅड म्हणजे वाईट आणि बदनाम, बदफैली यांतला फारसी बद म्हणजेही वाईट. उच्चार जवळचा, अर्थ तोच, आणि तरी या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खरी नाती बहुधा तोंडवळा बदलून येतात, द चा ट होऊन किंवा क चा व्ह होऊन, आणि तो बदल एका शब्दात न होता पुष्कळ शब्दांत एकाच रीतीने झालेला असतो. शंका आली की ज्या कोशात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते तो उघडा. चेंबर्सच्या कोशात ती असते. तिथे नसेल तर आपल्या मनाने नातं लावू नका.

अपवादही लपवू नका. ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे डिंक, यांत चमक कुठे आहे? स्नो म्हणजे बर्फ, त्याचा नाकाशी काय संबंध? आठवड्याच्या चाचणीत दहा सुटे शब्द घालण्यापेक्षा एका घरातले पाच शब्द आणि त्यात घुसलेला एक परका द्या, आणि परका कोण ते विचारा. मूल स्पेलिंगही लिहील आणि अर्थाचाही विचार करील. स्नेक आणि स्नेल नाकाच्या घरात बसत नाहीत हे एखाद्या मुलाने ओळखलं तर त्याला शाबासकी द्या, आणि सांगा की साप आणि गोगलगाय यांचं वेगळं घर आहे, सरपटणाऱ्यांचं.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या किती आया मनात खंत बाळगून आहेत की मला इंग्रजी येत नाही, मी मुलाचा अभ्यास कसा घेऊ. त्यांना मला सांगायचं आहे की वहीच्या पानाचे दोन भाग करा. उजवीकडे इंग्रजी शब्द, तो मुलाने पाठ्यपुस्तकातून शोधावा. डावीकडे मराठी, ती तुमची. बेचकं, पेर, पीळ, सुतळी, तपकीर, झिलई हे शब्द शाळेच्या पुस्तकात त्याला मिळणार नाहीत, ते तुमच्याकडून मिळतील. इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्यांना तर ही विनंती दुप्पट आहे. त्यांच्या मुलांच्या वहीत उजवी बाजू भरगच्च असते आणि डावी कोरी.

आठवड्याला एकच घर घ्या, घाई नको. पहिला मान डब्ल्यू-एचला, मग टी-डब्ल्यू, मग के-एन. वहीतले शब्द मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकाचं एक वाक्य तोंडी करून घ्या. डब्ल्यू-आरचं घर मी इथे मुद्दाम उघडलं नाही, ते मुलांसाठी राखून ठेवा: रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे कपडा पिळणे, रिंकल म्हणजे सुरकुती, रेसल म्हणजे कुस्ती खेळणे, रेंच म्हणजे नट फिरवायचा पाना. या सगळ्यांत काय वळतंय ते त्यांना शोधू द्या. राइट म्हणजे लिहिणे या शब्दाशी ती अडतील, कारण त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे आणि तो या घरातला नाही.