रात्रपाळीचा मफलर

दिवाळी आली की आमच्या मोहोपाड्याला थंडी पडते, असे म्हणणे म्हणजे थंडीचीच चेष्टा करणे होय. दुपारी पंखा लागतोच. पण पहाटे पाताळगंगेवरून धुके उठते, भातकापणी झालेल्या खाचरांवरून गार वारा सुटतो आणि रात्रपाळी संपवून परतणारी मंडळी कानांवरून मफलर गुंडाळलेली दिसू लागतात. घाटावरचे पाहुणे आम्हांला हसतात. हसोत बापडे! ज्याचे कान त्याला कळतात.

आमच्या ह्यांचाही असाच एक मफलर होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, 1988 साली, मी तो विणला. राखी रंगाची लोकर आणि दोनच टाके, सुलट आणि उलट. मला तेवढेच येत होते. हे इथल्या एका कारखान्यात फिटर. रात्रपाळीला निघताना मी डबा हातात द्यायची आणि हे खुंटीवरचा मफलर काढायचे. पुढे कारखान्याचे काम थांबले आणि निवृत्तीचे वय होण्याआधीच ह्यांना घरी बसावे लागले. मफलर खुंटीवर राहिला.

मला आधी वाटले, बरे झाले, माणूस रात्री घरी झोपेल. पण हे झोपत नसत. अकराच्या सुमारास उठून बसत, घड्याळ पाहत, पाणी पीत आणि पुन्हा आडवे होत. दिवसा बोलणे म्हणाल तर हो किंवा नाही, एवढेच. मी तरी काय बोलणार? मटार सोलायला दिले तर सोलत. पण तीस वर्षे यंत्रे उघडून जोडणाऱ्या हातांना मटार किती दिवस पुरणार?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो मफलर मी खाली काढला. पाहते तो कसर लागलेली, मध्येच तीनचार भोके! "पुसायला घेते आता," मी म्हणाले. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा उसवता येईल का?"

कित्येक दिवसांत ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी झाडू तिथेच टाकला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत कामाला लागला होता. कंत्राटी काम, रात्रपाळी, आणि जायचे मोटारसायकलवरून. मफलर त्याच्यासाठी करायचा असे ठरले.

मैत्रिणींनो, जुने विणकाम उसवताना आरंभीच्या टोकाकडून ओढत बसू नका. तिकडून ते नीट सुटत नाही. जिथे शेवटचे टाके बंद केले ते टोक शोधा आणि शेवटची गाठ सोडा. मग ओळीमागून ओळ कशी सरसर सुटते, पाहा. आमच्या मफलरात कसरीमुळे लोकर ठिकठिकाणी तुटली होती. हातभर लांबीपेक्षा लहान तुकडे बाजूला टाकले. उरलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केली, ती चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि सावलीत टांगून खाली हलकेसे वजन अडकवले. सुकली की तिच्यातल्या कुरळ्या लाटा जातात. गुंडा करताना मात्र सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर मफलर धुतल्यावर आकसते आणि मग आपण धोब्याला नावे ठेवतो!

लोकर सुमारे दीडशे ग्रॅम भरली. थोडी कमी पडणार म्हणून दोन्ही टोकांना विटकरी रंग लावायचा बेत केला आणि पनवेलच्या बाजारातून एक गुंडा आणला. दुकानदार म्हणाला, अस्सल लोकर. ह्यांनी घरी येताच एक धागा चिमट्यात धरून पेटवला. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. ॲक्रिलिक! "यंत्रापाशी काम करणाऱ्याच्या गळ्यात वितळणारी वस्तू नको," असे म्हणून हे दुसऱ्या दिवशी स्वतः पनवेलला गेले. आपण होऊन घराबाहेर पडले, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

मी सुया काढल्या तर हे शेजारी येऊन बसले. "मला दाखव." म्हणून दाखवले, ते तुम्हांलाही सांगते. आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुयांवर 45 टाके घाला. सुलट टाक्याला लोकर मागे ठेवून सुई टाक्यात पुढून घालायची. उलट टाक्याला लोकर पुढे घेऊन सुई पलीकडून आपल्याकडे आणायची. बस्स, विद्या संपली. आता टोकाला विटकरी लोकरीने चार बोटे नुसत्या सुलट ओळी. मग राखी लोकरीने साबुदाण्याची वीण, म्हणजे प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट असे करीत शेवटचा टाका सुलट. टाके विषम असल्यामुळे मागच्या सुलटावर उलट आपोआप बसतो आणि पृष्ठभाग साबुदाण्यासारखा दाणेदार होतो. शेवटी पुन्हा चार बोटे विटकरी. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी वीण मफलराला घेऊ नका. दिसते गुळगुळीत, पण तिच्या कडा वळतात आणि मफलराची सुरळी होते.

आठवडाभराने ह्यांचे 45 टाके 49 झाले. मी म्हणाले, दोन-दोन टाके एकत्र विणून टाका, कोणाला कळणार आहे? पण फिटर ऐकेल तर ना! चष्मा लावून तासभर शोधले आणि दोष सापडला. सुलटावरून उलटाकडे जाताना लोकर सुयांच्या मधून पुढे आणायची असते. ह्यांच्याकडून ती सुईवरून येत होती आणि प्रत्येक वेळी एक फुकटचा टाका वाढत होता. मग बावीस ओळी उसवल्या. मला वाटले, आता सुया ठेवून देणार. हे म्हणाले, "तसे नव्हे गं. कापड कापले की चिंधी होते. हे उसवले तरी लोकर ती लोकरच राहते."

पाहा, आपल्या भाषेत कापड, टोपली, बाज आणि स्वेटर, सगळ्यांना विणणे हा एकच शब्द. भातकापणीनंतर घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. त्यांच्या घोंगडीत उभे-आडवे धागे मागावर एकमेकांत गुंततात. सुयांवरच्या कामात मात्र एकच धागा स्वतःच्याच फासांतून जातो, म्हणून तो पुन्हा मोकळा होतो. एवढी वर्षे विणते, पण हे मला ह्यांनी सांगेपर्यंत सुचले नव्हते.

शेजारणी हसल्याच. पुरुषमाणसाच्या हातात सुया! मी त्यांना पेरू देशातले ताकिले बेट सांगितले. तिथे लोकरीच्या टोप्या पुरुषच विणतात. आणि 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये इंग्लंडचा टॉम डेली हा सुवर्णपदक मिळवणारा पाणबुडीपटू, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू, प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला. हसणे थांबले. एकीने तर तिच्या यजमानांना पाठवू का, असे विचारले.

मफलर दीड महिन्यात झाला. मला टोकांना गोंडे लावायचे होते. ह्यांनी साफ नाही म्हटले. "गोंडा चाकात जातो, फिरत्या दांड्यात जातो. आणि त्याला सांग, मोटारसायकलवर टोके जाकिटाच्या आत, आणि यंत्रापाशी जाण्याआधी मफलर काढून कपाटात." सांग कशाला, हे स्वतःच खाली गेले आणि त्या पोराला अर्धा तास समजावीत बसले. परत आले तेव्हा घसा बसला होता. इतके बोलायची सवय राहिली नव्हती!

अजूनही अकराला ह्यांना जाग येते, ते खोटे कशाला सांगू? पण हल्ली हे घड्याळ पाहत नाहीत. गॅलरीत उभे राहतात, खाली मोटारसायकल सुरू होते, विटकरी टोके जाकिटात गेली आहेत ना एवढे पाहतात आणि आत येऊन दिवा लावतात. सुयांवर सध्या दुसरा मफलर आहे. तो कोणासाठी, असे मी विचारले.

"तुझ्यासाठी," म्हणाले. "डबा द्यायला उठायचीस तेव्हा तुलाही थंडी वाजतच असेल."