आगाऊ कराचा हप्ता कोणीं भरावा?
अमरावतीस आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या चैत्रांत वाद झाला. अकोल्यास कापसाचा व्यापार पाहणारे थोरले भाऊ समजत होते कीं, आगाऊ प्राप्तिकराचे हप्ते करसल्लागार भरतो. सल्लागार समजत होता, ते स्वतःच भरतात. दरमहा शेंकडा १ व्याज मात्र बसलें!

आपल्याकडे हा भरणा १९४४ पासून आहे. हल्लीं जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च यांच्या १५ तारखा ठरल्या आहेत. सल्लागारानें आकडा काढावा, आठवणहि द्यावी. पैसे मात्र घरच्यांनींच भरावे, बँकेचा पासवर्ड परक्या हातीं नसावा, असें आम्हांस वाटतें. भाव उतरला, सौदा मोडला, हें आधीं घरांतच कळतें, आणि त्याबरोबर पुढचा हप्ताहि बदलतो.

त्याच घरीं साठी उलटलेले, धंदा नसलेले काका आपले हप्ते नेमानें भरीत होते. त्यांस ते लागूच नव्हते. कोणीं विचारलेंच नव्हतें!