पहिला निरोप कोणाचा?

चिंचणीच्या शेजारी तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते. तिथे आत काय जाते, बाहेर काय येते यावर सरकारची नजर राहू शकते, कारण प्रकल्पाला कुंपण आहे. इंटरनेटला ते नाही. आपण पाठवलेल्या निरोपाचे बारीक तुकडे होतात, मिळेल त्या वाटेने जातात आणि पलीकडच्या फोनवर पुन्हा जुळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून त्याला कुलूपही असते. किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे.

या मोकळ्या इंटरनेटचे दोन्ही चटके, अटकेचा आणि अफवेचा, पालघरने सोसले आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या आणि पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. तरीही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे 2021 मध्ये त्याच न्यायालयापुढे आले!

नाव लावून लिहिणारी अशी चटकन हाती लागते. अफवेला नाव नसते. मुले पळवणारे, चोर फिरताहेत, असे मोबाइलवरून आणि तोंडोतोंडी पसरत असतानाच 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात, गडचिंचले येथे, जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला.

पहिला निरोप कोणाचा हे मोठ्या कंपन्यांनी शोधून द्यावे, असे केंद्राचे 2021 चे नियम म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका अफवेचा उगम शोधायचा तर सर्वांच्याच निरोपांवर खूण ठेवावी लागेल. ज्या पोलिसांना ‘लाइक’ही गुन्हा वाटला, त्यांच्या हाती ही किल्ली देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेग कमी करणे हा त्याहून बरा उपाय. धुळ्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी पाच जणांचे बळी गेल्यावर एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने भारतात आणली. वारंवार फिरलेल्या निरोपासाठी ती 7 एप्रिल 2020 रोजी एकावर आली. पण तेवढ्याने भागत नाही: त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले. पोलीस तिथे होते. जमावाने जुमानले नाही. समजूत घालायची ती त्याआधीच्या दिवसांत. अफवा कानावर येताच पोलीस पाटील आणि सरपंचांनी त्याच संध्याकाळी पाड्यावर जाऊन वारलीत खुलासा करावा, अशी व्यवस्था जिल्हा प्रशासनाने लावावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.